मागितलं तेच दिलं का?

वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड. 2024 च्या मार्चमध्ये राज्य मंत्रिमंडळाने तसा निर्णय घेतला. बोलण्यात मात्र अजून ‘वेल्ह्याला जाऊन येतो’ हेच चालतं, आणि पुढच्या पानांत मीही बहुतेक ठिकाणी वेल्हेच लिहिलं आहे. नावं बदलण्याची या मुलखाला सवय आहे. भोर संस्थान होतं तेव्हा तालुके किल्ल्यांच्या नावाने ओळखले जात. रोहिड्याचा विचित्रगड, तोरण्याचा प्रचंडगड, आणि राजगड तर राजगडच. म्हणजे परवाचा निर्णय जुन्या दप्तरातलंच नाव पुन्हा वर काढणारा. पण तालुक्याचं नाव बदलायला मंत्रिमंडळाची बैठक लागते; तांदळाच्या पोत्याचं नाव बदलायला सुतळी आणि दाभण पुरतं. या पुस्तकाचा विषय ते दाभण आहे.

पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्याला लागलं की नसरापूरला वेल्ह्याचा फाटा फुटतो आणि थोडं पुढे कापूरहोळला भोरचा. पावसाळ्यात इथून गाड्यांची रीघ जाते: कुणी तोरण्याला, कुणी बनेश्वराला, कुणी भाटघरच्या पाण्याला, कुणी वरंध घाटातून खाली कोकणात. परतताना हीच माणसं तांदूळ विकत घेतात. ‘भोरचा आंबेमोहोर’, ‘वेल्ह्याचा इंद्रायणी’ अशा पाट्या वाचून पाच-दहा किलो डिकीत टाकतात. घरी गेल्यावर कुणी म्हणतं, वास येत नाही रे. दुसरं कुणी म्हणतं, नवा असेल, जुना झाला की येईल. आणि विषय तिथेच संपतो. कुणाच्या पोटात दुखलेलं नसतं. तक्रार करावी असं कुणाच्या मनातही येत नाही, आणि मनात आलं तर कुठे करायची हे ठाऊक नसतं.

भेसळ म्हटलं की आपल्यापुढे वेगळंच चित्र उभं राहतं. दिवाळीच्या आठवड्यात ट्रॅव्हल्सच्या टपावरून उतरवलेला खवा, कढईतलं काळं पडलेलं तेल, हळदीतला रंग, दुधाच्या टँकरवर टाकलेला छापा, खड्ड्यात ओतून नष्ट केलेला माल, आणि त्या मालाशेजारी उभ्या अधिकाऱ्यांचा वर्तमानपत्रातला फोटो. हे सगळं होतं आणि व्हायलाच हवं. 1998 साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याचं तेल मिसळलं गेलं आणि माणसं पाय सुजून, दम लागून मेली. ज्या देशाने हे पाहिलं त्याने छाप्यांना नाकं मुरडू नयेत. पण छाप्याचा फोटो बघून आपली अशी समजूत होते की अन्नाचा कायदा म्हणजे विषाचा कायदा. तसा तो नाही. त्याचा निम्मा भाग विषाबद्दल आहे आणि निम्मा शब्दाबद्दल. दुकानदाराने जे नाव घेऊन माल दिला ते नाव खरं होतं का, एवढाच त्या दुसऱ्या भागाचा प्रश्न. भोर-वेल्ह्यासारख्या भाताच्या तालुक्यांना हा दुसरा भाग पहिल्यापेक्षा जास्त लागतो, आणि नेमका तोच भाग इथवर पोचत नाही. एवढं एकच मला या पुस्तकात म्हणायचं आहे. बाकी त्याचा पसारा.

शब्दाबद्दलचा हा कायदा आला कुठून, हे पाहण्यासारखं आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातल्या चौथ्या अधिकरणाचं नाव कंटकशोधन, म्हणजे समाजातले काटे काढणं. तिथे धान्य, तेल-तूप, क्षार, मीठ, सुगंधी द्रव्यं आणि औषधं यांत ‘समवर्ण’ पदार्थ मिसळणाऱ्याला बारा पण दंड सांगितला आहे. समवर्ण म्हणजे सारख्याच रंगाचा. मिसळलेलं विषारी आहे की नाही, हे तिथे विचारलेलंच नाही. दिसायला सारखं असून दुसरं असणं, हाच गुन्हा. 1860 च्या भारतीय दंड संहितेने मात्र उलटी वाट धरली. तिच्या 272 व्या कलमात भेसळ गुन्हा ठरायची तर अन्न अपायकारक व्हायला हवं. शिक्षा सहा महिने किंवा हजार रुपये दंड. दुधात स्वच्छ पाणी घालणारा या कलमातून हसत बाहेर पडू शकत होता, कारण पाण्याने कुणी मरत नाही. (2024 पासून हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या 274 व्या कलमात आहे. दंड तेवढा पाच हजार झाला. अपायाची अट तशीच राहिली.)

इंग्लंडात 1875 साली अन्न आणि औषधांच्या विक्रीचा कायदा झाला. त्यात एक साधं वाक्य आलं: गिऱ्हाइकाने मागितलेल्या प्रकाराचा, घटकाचा आणि प्रतीचा जो माल नाही, तो त्याला विकू नये. सगळी मख्खी ‘मागितलेल्या’ या शब्दात आहे. अपाय झाला की नाही हे सिद्ध करायचं ओझं गेलं. मागितलं काय आणि दिलं काय, एवढंच पाहायचं. तेच वाक्य फिरत फिरत आपल्या 2006 च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याच्या 50 व्या कलमात येऊन बसलं आहे. मागितलेला माल न देणाऱ्याला पाच लाखांपर्यंत दंड, आणि हातगाडीवाल्यासारख्या छोट्या व्यावसायिकाला पंचवीस हजारांपर्यंत.

दरम्यान मुंबई इलाख्याने 1925 साली आपला भेसळ प्रतिबंधक कायदा केला. पण भोर तेव्हा पंतसचिवांचं संस्थान होतं. इलाख्याचा कायदा संस्थानाच्या हद्दीत आपोआप लागू होत नसे. पुण्यात जो दूधवाला कायद्याच्या कचाट्यात येई, त्याच्या भोरातल्या भावाला त्या कायद्याचं काही देणंघेणं नव्हतं. 8 मार्च 1948 ला संस्थान विलीन झालं. मग 1954 चा केंद्राचा कायदा आला, तो 1 जून 1955 पासून लागू झाला आणि अर्धशतकाहून जास्त टिकला. ‘फूड इन्स्पेक्टर’ हा शब्द त्याचीच देणगी. 5 ऑगस्ट 2011 पासून नवा कायदा अमलात आला आणि पदाचं नाव अन्न सुरक्षा अधिकारी झालं, तरी बाजारात आजही ‘फूडवाले आले’ अशीच कुजबूज होते आणि दोन-चार दुकानांची शटरं अर्धी खाली येतात.

जुन्या काळातली एक युक्ती मला फार आवडते. वनस्पती तूप, म्हणजे घराघरातला डालडा, साजूक तुपात मिसळला की नुसत्या डोळ्यांना कळत नसे. अगदी समवर्ण. सरकारने काय करावं? वनस्पती तूप बनवणाऱ्यांवर सक्ती केली की त्यात पाच टक्के तिळाचं तेल घातलंच पाहिजे. तिळाच्या तेलाची एक खूण आहे: आम्ल आणि फरफ्युरल घालून हलवलं की ते गुलाबी-लाल होतं. मग दुकानातल्या तुपाच्या नमुन्यात ही परीक्षा केली की डालडा आपली ओळख आपणच सांगे. नकलेच्याच खिशात तिचं ओळखपत्र घालून ठेवायचं, अशी ही शक्कल. तांदळाकडे वळू तेव्हा तिची आठवण ठेवावी.

आता नमुन्याबद्दल. या पुस्तकातलं सगळ्यात लांब प्रकरण त्याच्यावर आहे आणि काही वाचकांना ते रटाळ वाटेल. माझा इलाज नाही. खटला जिंकतो किंवा हरतो तो त्या चार पुड्यांवर.

अधिकारी दुकानात येतो तेव्हा तो माल उचलून नेत नाही, विकत घेतो. बाजारभावाने पैसे देतो आणि पावती घेतो. सोबत पंच असतात. आपण हा नमुना तपासणीसाठी घेत आहोत अशी लेखी नोटीस तो दुकानदाराला देतो. मग नमुन्याचे चार सारखे भाग होतात. प्रत्येक भाग कोरड्या स्वच्छ बरणीत किंवा पिशवीत, त्यावर जाड कागदाचं वेष्टण, त्यावर पदनिर्देशित अधिकाऱ्याच्या सहीची आणि क्रमांकाची चिठ्ठी तळापासून वरपर्यंत चिकटवलेली, त्यावरून दोरा, गाठीवर लाख आणि लाखेवर मोहोर. दुकानदाराची सही अशी घ्यायची की ती निम्मी चिठ्ठीवर आणि निम्मी वेष्टणावर पडावी. कुणी वेष्टण उघडलं तर सही फाटलीच पाहिजे. नमुना दुधाचा असेल तर तो टिकावा म्हणून त्यात फॉर्मॅलिनचे थेंब घालतात. हेच फॉर्मॅलिन विकायच्या दुधात सापडलं तर गुन्हा. कायद्याचा विनोद कधीकधी असा कोरडा असतो.

एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो. पुण्यात ही तपासणी वर्षानुवर्षं स्टेव्हली रोडवरच्या राज्य आरोग्य प्रयोगशाळेत होत आली. जुन्या कायद्याच्या काळात देशातल्या चार केंद्रीय अन्न प्रयोगशाळांपैकी ती एक होती. दोन भाग पदनिर्देशित अधिकाऱ्याच्या ताब्यात राहतात. चौथा दुकानदाराच्या हक्काचा. त्याने मागणी केली तर तो मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. दोन अहवालांत फरक पडला तर ताब्यातला भाग संदर्भ प्रयोगशाळेकडे, आणि तिचा शब्द शेवटचा. विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल द्यावा, अहवालाविरुद्ध तीस दिवसांत अपील करता यावं, खटला वर्षभरात दाखल व्हावा आणि आयुक्तांनी लेखी कारण दिलं तरच ती मुदत तीन वर्षांपर्यंत लांबावी, असं हे वेळापत्रक. कारण नसताना कुणाला छळण्यासाठी जप्ती केली असं ठरलं तर खुद्द अधिकाऱ्यालाही एक लाखापर्यंत दंड आहे.

हे वाचून कुणी म्हणेल, एवढी दोरा-लाख कशाला? चोर तो चोर. उत्तर मुंबई उच्च न्यायालयाने 13 ऑगस्ट 2015 ला दिलं आहे. मॅगी नूडल्सवर शिशाच्या प्रमाणावरून देशभर बंदी आली होती, महाराष्ट्राचाही स्वतंत्र आदेश होता. न्यायालयाने दोन्ही आदेश रद्द केले. नमुने ज्या प्रयोगशाळांत तपासले त्या कायद्याला अपेक्षित मान्यतेच्या नव्हत्या आणि कंपनीचं म्हणणं आधी ऐकून घेतलं गेलं नव्हतं, म्हणून. पुन्हा तपासणी करा, तीन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत करा, असं सांगितलं. एवढी मोठी बंदी पद्धतीच्या भोकातून गळून गेली. मोठ्या कंपनीला जी पद्धत वाचवते तीच नसरापूरच्या किराणा दुकानदारालाही वाचवते, फरक इतकाच की त्याला ती आहे हे माहीत नसतं. चौथा भाग मागता येतो हे माहीत असलेला दुकानदार मला अजून भेटायचा आहे.

अहवाल आला की माल तीनपैकी एका खान्यात पडतो: असुरक्षित, कमी दर्जाचा, मिथ्याछाप. असुरक्षित म्हणजे तुरुंगाची वाट. कुणी दगावलं तर किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप, आणि दहा लाखांहून कमी नाही असा दंड. कमी दर्जाचा म्हणजे पाच लाखांपर्यंत दंड. मिथ्याछाप म्हणजे तीन लाखांपर्यंत. शेवटची दोन प्रकरणं फौजदारी न्यायालयात जात नाहीत. अपर जिल्हादंडाधिकाऱ्यापेक्षा कमी नाही अशा दर्जाचा न्यायनिर्णय अधिकारी ती ऐकतो. मिथ्याछाप हा शब्द सरकारी असला तरी नेमका आहे. कायद्यातल्या व्याख्येत त्याचा एक अर्थ असा: दुसऱ्या अन्नपदार्थाचं असलेलं नाव लावून विकलेला माल. पामतेलाचं ‘पनीर’ हे त्याचं आजचं ठळक उदाहरण. पनीरसारखा पदार्थ बनवायला बंदी नाही. त्याला पनीर म्हणायला आहे.

आणि आता तांदूळ.

आंबेमोहोर हे नावच मोहोराच्या वासावरून पडलेलं. मावळ, मुळशी, वेल्हे, भोर हा त्याचा पट्टा: सह्याद्रीचा पूर्व उतार, दणकून पाऊस, भाताची खाचरं, दाणा भरताना थंड होत जाणाऱ्या रात्री. बुटका दाणा, शिजला की मऊ, किंचित चिकट, आणि वास. पेजेला, आजारी माणसाच्या गुरगुट्या भाताला, सणाच्या वरणभाताला याच्यासारखा दुसरा नाही, असं इथल्या बायका सांगतात आणि मला ते पटतं. पण त्याची रोपं उंच, वाऱ्यापावसात आडवी होणारी, उतारा कमी. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहोर 157 आणि आयआर 8 यांच्या संकरातून इंद्रायणी काढला. तो 1987 साली आला आणि दोन्ही तालुक्यांतली खाचरं पाहता पाहता इंद्रायणीची झाली. वास थोडा आंबेमोहोरासारखा, उतारा बराच जास्त. शेतकऱ्याने योग्य तेच केलं. खरा आंबेमोहोर मात्र त्यामुळे दुर्मिळ झाला, आणि दुर्मिळ झाला म्हणून महाग.

महाग झाला की समवर्ण हजर होतो. आंध्रातला जिरा सांबर आणि मध्य भारतातला जवाफूल हे दोन तांदूळ दिसायला आंबेमोहोरासारखे असतात. दोन्ही चांगले आहेत, त्यांच्या त्यांच्या मुलखात मानाने खाल्ले जातात. आपल्या बाजारात ते येतात आणि वाटेत कुठेतरी त्यांचं नाव गळून पडतं. गोणी बदलते, आंबेमोहोर होतं. एक पायरी खाली इंद्रायणीचीही हीच गत. विकणाऱ्याला किलोमागे फरक सुटतो. खाणाऱ्याचं पोट ठीक राहतं. नुकसान होतं ते फक्त खाचरात उभ्या असलेल्या माणसाचं, आणि तो या व्यवहारात कुठेच नसतो: ना बिलावर, ना पंचनाम्यात.

अशा गोणीतला नमुना घेतला तर काय होईल? प्रयोगशाळा ओलावा मोजेल, खडे-माती मोजेल, किडका आणि डागी दाणा मोजेल, रंग दिला आहे का पाहील. तांदळाचं सर्वसाधारण मानक एवढंच विचारतं. अहवाल येईल: नमुना मानकांप्रमाणे आहे. जिरा सांबर हा उत्तम तांदूळच आहे. मानकाला तो नापास करण्याचं कारण नाही. उरलं 50 वं कलम आणि मिथ्याछापाची व्याख्या. तिथे विक्रेत्याचा वकील उभा राहून म्हणेल, साहेब, गिऱ्हाइकाने तांदूळ मागितला, तांदूळ दिला. जिरा सांबर हा काही ‘दुसरा अन्नपदार्थ’ नव्हे. त्याचं म्हणणं मला पटत नाही. ज्याने आंबेमोहोर म्हणून पैसे मोजले त्याने आंबेमोहोरच मागितला होता. पण माझ्या पटण्या-न पटण्याने दंड होत नसतो, त्याला जातीची ओळख पटवणारा पुरावा लागतो.

तो पुरावा अशक्य नाही. बासमतीच्या बाबतीत हे सगळं झालेलं आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने बासमतीसाठी वेगळं मानक केलं, ते 1 ऑगस्ट 2023 पासून लागू आहे. बासमतीला नैसर्गिक वास हवा, कृत्रिम सुगंध आणि रंग चालणार नाही, दाण्याची लांबी किती, शिजल्यावर किती वाढावा, सगळं लिहिलेलं. त्याच्या किती तरी आधी ब्रिटनमध्ये व्यापाऱ्यांनी ठरवून घेतलं होतं की बासमती म्हणून विकलेल्या मालात इतर तांदूळ सात टक्क्यांहून जास्त नसावा, आणि तो डीएनए तपासून मोजला जातो. गंमत अशी की आंबेमोहोराचा वास ज्या रसायनाने येतो त्यानेच बासमतीचाही येतो. म्हणजे नाक दोघांनाही एकच लागतं. कायद्याने ते एकालाच दिलं आहे. बासमतीमागे निर्यातीचा पैसा आहे, आंबेमोहोरामागे गुरगुट्या भाताची आठवण. मानक कशावरून बनतं ते यावरून कळावं.

मुळशीच्या उत्पादकांनी खटपट करून आंबेमोहोराला भौगोलिक मानांकन मिळवलं. 1999 चा तो कायदा कागदावर अन्नाच्या कायद्यापेक्षा कडक आहे: खोटं मानांकन लावणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद. पण मानांकन राखायचं तर कुणीतरी पहारा ठेवायला हवा, आणि तो पहारा उत्पादकांनीच ठेवावा अशी कायद्याची अपेक्षा. लावणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात असलेल्या माणसाने मार्केट यार्डातल्या गोण्या तपासत फिरावं?

यात आणखी एक पेच आहे, आणि तो फक्त रस्त्याकडेला दिसतो. अन्न सुरक्षा कायद्याचं 18 वं कलम शेतकऱ्याला या कायद्यातून स्पष्ट वगळतं. आपल्या खाचरातला भात गिरणीतून सडून आणून फाट्यावर बसलेली बाई ही कायद्याच्या दृष्टीने व्यावसायिक नाही, आणि नसावीच. पण संक्रांतीनंतर घरचा माल संपतो, गाड्या थांबतच असतात. मग पुण्याच्या व्यापाऱ्याकडून दोन गोण्या येतात, त्याच ताडपत्रीवर, त्याच पाटीखाली. कोणत्या सकाळी ती शेतकरीण असते आणि कोणत्या दुपारी दुकानदारीण होते, हे कायद्याला सांगता येत नाही. तिला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. तिला त्या गोण्या आंबेमोहोर म्हणूनच आलेल्या असतात. खोटं नाव तिच्या हातात पोचेपर्यंत तीन हात फिरून आलेलं असतं. अधिकाऱ्याच्या तावडीत मात्र सापडते तीच, कारण रस्त्यावर तीच दिसते.

कराचाही यात हात आहे. 18 जुलै 2022 पासून पंचवीस किलोपर्यंतच्या पॅकबंद, छापील पिशवीतल्या तांदळावर पाच टक्के जीएसटी लागला. सुट्या आणि त्याहून मोठ्या पिशवीला नाही. लगेच बाजारात सव्वीस किलोच्या पिशव्या दिसू लागल्या. एका खात्याने सांगायचं, माल छापील पिशवीत विका म्हणजे आम्हाला नाव वाचता येईल. दुसऱ्याने सांगायचं, छापलंत तर पैसे द्या. सुट्या मालावर नाव पुठ्ठ्यावर खडूने लिहिलेलं असतं आणि संध्याकाळी पुसता येतं.

ज्याच्यावर संशय घ्यायला हवा तो असा सुटतो, आणि नको त्यावर संशय जातो. रेशनच्या तांदळात आता पोषक दाणे मिसळतात. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-12 घालून यंत्रातून दाणे पाडतात आणि शंभर दाण्यांत एक या प्रमाणात टाकतात. हे दाणे रंगाला किंचित वेगळे असतात, धुताना काही तरंगतात. राज्यात ठिकठिकाणी लोकांनी ‘प्लॅस्टिकचा तांदूळ’ म्हणून ओरड केली. घरोघरी बायका ते वेचून टाकतात. सरकारने मुद्दाम घातलेलं लोह अशा रीतीने कोंबड्यांना मिळतं. लोक मूर्ख आहेत म्हणून हे होत नाही. वेगळा दिसणारा दाणा म्हणजे भेसळ, ही पिढ्यान्‌पिढ्यांची शिकवण आहे आणि खड्यांच्या काळात ती बरोबरच होती. सारखा दिसणारा दाणा म्हणजे भेसळ, हे ओळखायला मात्र सुपात पाखडून भागत नाही.

दुधाबद्दल इथे थोडक्यातच लिहितो, कारण त्यावर पुढे दोन प्रकरणं आहेत. दुधात कायदा सगळ्यात सवयीचा झाला आहे. गावच्या डेअरीत रोज सकाळी फॅट आणि एसएनएफ मोजतात, 3.5 आणि 8.5 हे आकडे शाळेतल्या पोरांनाही पाठ असतात, आणि पैसे त्या आकड्यांवरच मिळतात. इथे शेतकऱ्याचा माल दोनदा मोजला जातो, तांदूळ एकदाही नाही. दुधातली लबाडी म्हणून यंत्राशी लढते: पाण्याने आकडा पडला तर साखर-मीठ घालून वर आणा. तांदळातल्या लबाडीला लढायला समोर यंत्रच नाही.

माणसं किती, हा प्रश्न प्रत्येक वाचक विचारणार. पुरेशी नाहीत. पुण्यासारख्या जिल्ह्यात हॉटेलं, कारखाने, गोदामं, ऑनलाइन किराण्याची अंधारी कोठारं हे सगळं बघून उरलेल्या वेळात कुणी केळद खिंडीपर्यंत यावं अशी अपेक्षाच चुकीची आहे. या तालुक्यांत अधिकारी येतात ते सणाला, यात्रेला, किंवा काही घडल्यावर. प्रसादातून विषबाधा झाली की गाड्या येतात. गोणीचं नाव बदललं म्हणून गाडी आल्याचं मी ऐकलेलं नाही.

एक तरतूद मात्र अशी आहे जिला अधिकाऱ्याची वाट पाहावी लागत नाही. कायद्याच्या 40 व्या कलमाप्रमाणे कुठलाही खरेदीदार आपण घेतलेला माल, फी भरून, अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. अट एकच, खरेदी करतानाच विक्रेत्याला तसं सांगायचं. मालात दोष निघाला तर फी परत मिळते. पन्नास वर्षं वाहनांच्या डिक्या भरून तांदूळ नेणाऱ्या पुणेकरांतल्या किती जणांनी हे कलम वापरलं असेल?

मी वापरून पाहायचं ठरवलं. महामार्गावरच्या एका दुकानात, पाटीवर मोठ्या अक्षरांत आंबेमोहोर लिहिलेल्या, पाच किलो तांदूळ मागितला. भाव आंबेमोहोराचा होता. तपासणीचं बोलण्याआधी म्हटलं, बिल द्या आणि बिलावर जात लिहा. दुकानदार अगदी अदबीचा माणूस; माझ्यासाठी खुर्ची ओढली, चहा सांगितला, बिलबुक काढलं, कार्बन नीट सरळ केला. मग पेन थोडं थांबलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं नाही, आणि लिहिलं: तांदूळ, 5 किलो.